वसंतप्रयाणापूर्वीचा मेदसंचय : एका ज्ञानाचा इतिहास

१. विषयप्रवेश

पक्ष्यांच्या स्थलांतराचा विषय निघाला म्हणजे आपले लक्ष स्वाभाविकपणेच त्यांच्या प्रवासाकडे जाते. किती कोस उडाले, कोणत्या दिशेने उडाले, वाट कशी ओळखली, हे प्रश्न विद्वानांना आणि सामान्य जनांना सारखेच आकर्षक वाटत आले आहेत. त्या मानाने प्रवासाला निघण्यापूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांचा विचार फार उशिरा सुरू झाला. वस्तुतः प्रवासाचे यशापयश बव्हंशी याच आठवड्यांत ठरते. एरव्ही दहा-बारा ग्रॅम वजनाचा, म्हणजे आपल्या जुन्या तोळ्याएवढा, एखादा वटवट्या या काळात खाण्याचे प्रमाण वाढवितो आणि अंगात मेद साठवू लागतो. प्रवास जवळचा असेल तर वजनात पाचव्या हिश्शाची भर पडते; वाटेत समुद्र किंवा वाळवंट असेल तर मूळचे वजन जवळजवळ दुप्पट होते. हा मेद संपेपर्यंत तो उडतो, आणि मुक्कामी पोहोचतो तेव्हा पुन्हा पूर्वीसारखा किडकिडीत झालेला असतो.

या घटनेचे शरीरशास्त्र सांगणे हा प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू नव्हे. ही घटना माणसाला केव्हा, कोठे आणि कोणाच्या द्वारे कळली, हा इतिहासाचा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. त्यातही शरदातील मेदसंचय माणसाला सुमारे अडीच सहस्र वर्षांपासून ठाऊक असताना वसंतातील मेदसंचय मात्र विसाव्या शतकापर्यंत विद्वानांच्या दृष्टीआड का राहिला, याचा उलगडा करावयाचा आहे. प्रस्तुत लेखक भाषेचा अभ्यासक आहे. म्हणून ग्रंथांतील विधानांबरोबरच पक्ष्यांची नावे आणि शास्त्रातील परिभाषा यांचीही साक्ष तो काढणार आहे. ही साक्ष गौण मानण्याचे कारण नाही. ज्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत अशा लोकांचे ज्ञान पुष्कळदा केवळ शब्दांतच शिल्लक राहते.

२. नावांची साक्ष

भूमध्यसमुद्राच्या काठच्या भाषांत लहान गाणाऱ्या पक्ष्यांची काही नावे लक्ष वेधून घेतात. ग्रीक भाषेत अशा एका पक्ष्याला ‘सिकालिस’ म्हणत. ‘सिकॉन’ म्हणजे अंजीर. लॅटिनमधील ‘फिकेदुला’ हे नावही अंजीर या अर्थाच्या ‘फीकुस’ शब्दावरूनच आले. इटालियन भाषेत ‘बेक्काफीको’, म्हणजे अंजिराला चोच मारणारा; फ्रेंचांनी त्याचेच ‘बेकफिग’ केले. सायप्रस बेटात अशा पक्ष्यांना ‘आंबेलोपुलिया’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ द्राक्षमळ्यातील पाखरे. भारीट कुळातील एका पक्ष्याला फ्रेंच व इंग्रज ‘ऑर्टोलान’ म्हणतात. तो शब्द लॅटिन ‘हॉर्तुलानुस’, म्हणजे बागवान, यापासून निघाला.

ही नावे रंगावरून, आवाजावरून किंवा घरट्यावरून पडलेली नाहीत, हे उघड आहे. ती फळांवरून आणि मळ्यांवरून पडली आहेत. बरे, ज्या पक्ष्यांना ती लावली गेली ते बहुतेक वर्षभर कीटकांवर किंवा दाण्यांवर राहणारे आहेत. वर्षातील थोडे आठवडेच यांतील वटवटे अंजिरे व द्राक्षे खातात. ते आठवडे म्हणजे उन्हाळ्याची अखेर आणि शरदाचा आरंभ. नेमका तोच त्यांच्या पुष्टीचा काळ. पारध्याच्या फासात आणि स्वयंपाक्याच्या हाती ते याच वेळी पडत. सारांश, ही नावे निसर्गनिरीक्षकांनी दिलेली नसून खवय्यांनी दिलेली आहेत. रोमन कवी मार्शल याने पहिल्या शतकात या पक्ष्यावर एक चुटका रचला आहे. आपण द्राक्षांवरही पोसले जातो, मग नाव अंजिराचेच का, असा प्रश्न त्याने पक्ष्याच्या तोंडी घातला आहे. पक्वान्नांच्या यादीतील पक्ष्याने विचारलेली ही शंका व्युत्पत्तिशास्त्राच्या दृष्टीने मुळीच चूक नाही.

ऑर्टोलानाच्या बाबतीत तर पारधी व पालक एक पाऊल पुढे गेले होते. पकडलेला पक्षी अंधाऱ्या खोलीत कोंडून, दिव्याच्या किंवा मोजक्या प्रकाशाच्या साहाय्याने त्याला सतत खावयास लावून पुष्ट करण्याची रीत युरोपात जुनी आहे. फ्रान्समध्ये या पक्ष्याला १९९९ साली कायद्याचे संरक्षण मिळाले. सायप्रसमधील पाखरे पकडणेही आज निषिद्ध आहे; तरी चोरून पकडण्याचे प्रकार चालतातच. या रूढीचे समर्थन करण्याचा प्रश्नच नाही. परंतु प्रकाश व अंधार यांचा पक्ष्याच्या खाण्याशी आणि अंगावर धरणाऱ्या मेदाशी संबंध आहे, ही गोष्ट प्रयोगशाळेने सिद्ध करण्यापूर्वी कित्येक शतके पाखरे पाळणाऱ्या निरक्षर माणसाच्या हाताला ठाऊक होती, एवढे इतिहासकाराने नोंदविले पाहिजे. नेदरलंड्समध्ये पारधी पक्ष्यांना काही काळ अंधारात ठेवून शरदात गावयास लावीत, आणि जपानात हिवाळ्यातील संध्याकाळी दिवा लावून त्यांना अवेळी गावयास लावण्याची रीत होती. तीही याच जातीची उदाहरणे होत.

३. ॲरिस्टॉटलचे विधान आणि त्याची मर्यादा

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने आपल्या प्राण्यांविषयीच्या ग्रंथात स्थलांतराचा विचार केला आहे. त्यात एक मार्मिक विधान आढळते. थंड प्रदेशातून उष्ण प्रदेशाकडे जाताना प्राणी अधिक पुष्ट असतात आणि उलट दिशेने येताना कमी. उदाहरणार्थ, शरदात निघणारा लावा वसंतात येणाऱ्या लाव्याहून लठ्ठ असतो, असे तो म्हणतो. लावा हा गाणारा पक्षी नव्हे हे खरे. पण विधान सर्व प्राण्यांना लागू करण्याचा त्याचा हेतू स्पष्ट आहे.

निरीक्षण म्हणून हे विधान अगदी बिनचूक आहे. ग्रीसमध्ये उभे राहून पाहणाऱ्याला हेच दिसणार. परंतु ॲरिस्टॉटलने ज्यांची तुलना केली ते दोन पक्षी प्रवासाच्या एकाच टप्प्यावर नाहीत, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. शरदातला लावा निघतो आहे; वसंतातला लावा पोहोचतो आहे. पहिल्याची शिदोरी भरलेली आहे, दुसऱ्याची संपलेली आहे. वसंतातला पक्षी निघतेवेळी कसा होता हे पाहावयाचे तर ग्रीसमध्ये नव्हे, समुद्र व वाळवंट ओलांडून आफ्रिकेत उभे राहावयास हवे होते. म्हणजे ॲरिस्टॉटलला ऋतूंतील भेद वाटला तो पुष्कळ अंशी जागेचा भेद होता.

ही चूक डोळ्यांची नव्हती, उभे राहण्याच्या जागेची होती. तिचे परिणाम मात्र दूरवर झाले. युरोपातील पुढील दोन सहस्र वर्षांची विद्या त्याच किनाऱ्यावर उभी राहून पाहत होती. वर दिलेल्या नावांकडे या दृष्टीने पुन्हा पाहावे. अंजीर आणि द्राक्ष, दोन्ही फळे शरदाची. वसंतातील पुष्टीवरून पडलेले नाव त्यांत एकही नाही. ज्या भाषांनी शरदातील मेदाला इतके शब्द दिले त्यांनी वसंतातील मेदाला एकही शब्द दिला नाही, कारण तो मेद त्या भाषा बोलणाऱ्यांच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच वाटेत जळून गेलेला असे.

४. भुकेची उपपत्ती आणि पिंजऱ्यातील पक्षी

पक्षी स्थलांतर का करतात, या प्रश्नाला रूढ उत्तर एकच होते : थंडी पडते, अन्न संपते, म्हणून ते जातात. हे उत्तर सोपे आहे, आणि दूरच्या कारणपरंपरेच्या दृष्टीने त्यात तथ्यही आहे. पण तात्कालिक कारण म्हणून ते टिकत नाही. उपाशी पक्षी जातात असे म्हणावे, तर जाणारे पक्षी लठ्ठ कसे? स्वयंपाकघराला ठाऊक असलेली वस्तुस्थिती आणि ग्रंथांतील उपपत्ती यांत असा सरळ विरोध होता. तो शतकानुशतके कोणाला खुपला नाही, कारण स्वयंपाकघर व ग्रंथालय यांचा परस्परांशी संवादच नव्हता.

या उपपत्तीला पहिला स्पष्ट छेद देणारा गृहस्थ म्हणजे फर्डिनांड फॉन पेर्नाऊ. या उमरावाने १७०२ साली पक्ष्यांविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. पक्षी केवळ भुकेने व थंडीने हाकलले जात नाहीत, योग्य वेळ येताच एक गुप्त प्रेरणा त्यांना जावयास लावते, असा त्याचा अभिप्राय होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस योहान आंद्रेआस नाउमान याने पिंजऱ्यातील हळद्या व माशीमार यांसारख्या पक्ष्यांचे निरीक्षण केले. पिंजऱ्यात अन्नाची वाण नाही, थंडीची बाधा नाही. तरीही स्थलांतराचा काळ आला की हे पक्षी रात्री जागे राहून फडफडू लागतात, असे त्यास दिसून आले.

या अस्वस्थतेला जर्मन भाषेत ‘त्सुगउनरूह’ असा शब्द रूढ झाला आणि तो आज सर्व भाषांतील शास्त्रज्ञ जसाच्या तसा वापरतात. हा सामासिक शब्द पाहण्यासारखा आहे. ‘त्सुग’ म्हणजे ओढ, आणि तोच शब्द मिरवणूक, कूच, स्थलांतर या अर्थांनीही येतो. ‘उनरूहे’ म्हणजे अस्वस्थता. आणि याच शब्दाचे ‘उनरूह’ हे रूप घड्याळातील सतत हेलकावणाऱ्या चक्राचे नाव आहे. शब्द घडविणाऱ्यांच्या मनात घड्याळ होते असे म्हणण्यास आधार नाही. परंतु पुढे विसाव्या शतकात या अस्वस्थतेच्या मुळाशी खरोखरच एक आंतरिक घड्याळ सापडले, तेव्हा शब्दातील सुप्त अर्थ जणू जागा झाला.

५. प्रकाशाचा शोध : १९२४ ते १९६४

वसंतातील मेदाचा शोध लागला तो उत्तर अमेरिकेत. याचेही कारण भूगोलात आहे. तेथील कित्येक लहान पक्षी हिवाळा घालवितात तोही प्रदेश विद्यापीठांच्या व प्रयोगशाळांच्या परिसरात पडतो. वसंतात निघणारा पक्षी निघण्यापूर्वीच पाहावयास मिळण्याची सोय तेथे होती. युरोपातील विद्वानास ती सहसा नव्हती.

कॅनडातील एडमंटन येथे अल्बर्टा विद्यापीठात विल्यम रोवन हे प्राणिशास्त्राचे अध्यापक होते. १९२० साली गार्नर व अलार्ड यांनी वनस्पतींचे फुलणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते हे दाखवून दिले होते. पक्ष्यांच्या बाबतीतही असेच असेल काय, असा प्रश्न रोवन यांना पडला. दरवर्षी नेमक्या त्याच सुमारास पक्षी निघतात. तापमान, पाऊस, अन्न ही सर्व वर्षागणिक बदलतात. न बदलणारी गोष्ट एकच, दिवसाची लांबी. १९२४ च्या शरदात त्यांनी जंको नावाचे लहान पक्षी पकडून उघड्यावरील पिंजऱ्यांत ठेवले. एका गटाला विजेच्या दिव्यांनी रोज थोडा थोडा अधिक प्रकाश दिला, दुसऱ्या गटाला दिला नाही. कडाक्याच्या थंडीतही दिवे मिळालेल्या पक्ष्यांची जननेंद्रिये भर हिवाळ्यात वसंतातल्याप्रमाणे वाढली; दुसऱ्या गटाची वाढली नाहीत. हा निष्कर्ष १९२५ साली प्रसिद्ध झाला.

रोवन यांचे लक्ष जननेंद्रियांवर होते. प्रेरणेचे मूळ तेथेच असावे असा त्यांचा तर्क होता. मेदाकडे मध्यवर्ती घटना म्हणून पाहिले ते अल्बर्ट वुल्फसन यांनी. १९४० नंतरच्या दशकात त्यांनी जंकोंवरच काम करून दाखविले की वाढत्या प्रकाशाबरोबर या पक्ष्यांत मेद साठतो व वजन वाढते. जे पक्षी स्थलांतर करीत नाहीत त्यांच्यात जननेंद्रियांची वाढ होते, पण असा मेद साठत नाही. १९४५ साली त्यांनी पियूषिका ग्रंथी, मेदसंचय व स्थलांतर यांची सांगड घालणारा निबंध लिहिला. स्थलांतराची खरी खूण जननात नसून मेदात आहे, हा विचार येथून दृढ झाला.

यानंतर वॉशिंग्टन राज्यात डोनाल्ड फार्नर व जेम्स किंग यांनी पांढऱ्या मुकुटाच्या चिमणीवर दीर्घकाळ काम केले. वजन वाढण्याचे दोन मार्ग संभवतात : पक्षी अधिक खातो, किंवा कमी खर्च करतो. प्रकाश वाढविल्यावर वाढणारे वजन प्रामुख्याने अधिक खाण्यामुळे वाढते, असे त्यांनी १९५६ साली दाखविले. या स्थितीला शास्त्रज्ञ ‘हायपरफेजिया’ म्हणतात. त्याचे मराठीकरण ‘अतिभक्षण’ असे करण्याचा मोह होतो, परंतु तो आवरावा. आपल्या भाषेत ‘अति’ या उपसर्गाला दोषाचा वास आहे. येथे दोष नाही, व्यसन नाही, व्याधीही नाही. ठरावीक काळापुरते बदललेले प्रमाण आहे. ‘वर्धित आहार’ हा शब्द अधिक निर्दोष होईल.

याच सुमारास जॉर्जिया विद्यापीठातील यूजीन ओडम यांनी एका दुर्दैवी घटनेचा शास्त्राला उपयोग करून घेतला. फ्लॉरिडात टॅलाहासीजवळ १९५५ साली उभारलेल्या दूरचित्रवाणीच्या उंच मनोऱ्यावर रात्री उडणारे पक्षी आदळून मरत. हर्बर्ट स्टॉडर्ड हे पहाटे जाऊन ते गोळा करीत. या मृत पक्ष्यांचे रासायनिक विश्लेषण करून ओडम यांनी प्रत्यक्ष प्रवासात असलेल्या पक्ष्याच्या अंगी किती मेद असतो हे मोजले. लांबच्या प्रवाशांत तो एकूण वजनाच्या निम्म्याच्या आसपास जातो, असे आढळले. मेद वगळता उरलेले शरीर मात्र स्थिर राहते, असा सिद्धांत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली मांडला. त्याचे पुढे काय झाले ते यथास्थळी येईल.

६. मेदच का?

निसर्गाने या कामी मेदाचीच योजना का केली, हे येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. एक ग्रॅम मेद जळला असता सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांपासून सुमारे ४. शिवाय मेद जवळजवळ कोरडा साठविता येतो, तर पिष्टसदृश ग्लायकोजेन साठविताना त्याच्या तिप्पट-चौपट पाणी बरोबर बाळगावे लागते. उडणाऱ्या जीवाला प्रत्येक ग्रॅम वाहून न्यावयाचा असल्यामुळे हा फरक निर्णायक ठरतो. आणखी असे की, एक ग्रॅम मेद जळताना सुमारे तितकेच पाणी निर्माण होते. वाळवंटावरून जाणाऱ्याला तेही उपयोगी पडते.

एक ढोबळ हिशेब करून पाहावा. सहारा वाळवंटाची रुंदी सुमारे २,००० किलोमीटर धरली आणि पक्ष्याचा वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर ५० तासांचे उड्डाण होते. लहान पक्षी उडताना तासाला आपल्या वजनाच्या सुमारे एक टक्का खर्च करतो असे धरले, तर २० ग्रॅमचा पक्षी पलीकडे पोहोचेल तेव्हा सुमारे १२ ग्रॅमचा झालेला असेल. लव्हाळ्यांत राहणाऱ्या, एरव्ही ११-१२ ग्रॅमच्या युरोपीय वटवट्याचे वजन प्रवासापूर्वी २० ग्रॅमच्या घरात जाते, हे पाहिले म्हणजे हिशेब किती चोख आहे ते कळते. काही पक्षी दिवसा वाळवंटातच सावली पाहून थांबतात व रात्री पुढे जातात. पण अन्न न मिळाल्यास त्यांचीही भिस्त याच साठ्यावर असते.

मेद कोठे साठतो हे पक्षी न मारताही पाहता येते. पक्ष्याच्या छातीवरील पिसे फुंकरीने बाजूस सारली की पातळ त्वचेखाली गळ्याच्या बुडाशी, दुबेळक्यासारख्या अस्थीच्या खळग्यात, आणि पोटावर पिवळट मेद दिसतो. पक्ष्यांच्या पायांत कडी अडकविणारे अभ्यासक याच खुणेवरून मेदाला श्रेणी देतात.

मराठीत या मेदाला ‘शिदोरी’ म्हणणे सुचते, आणि वर आम्ही तो शब्द वापरलाही आहे. परंतु या उपमेची मर्यादा ओळखावी. शिदोरी घरचे कोणी बांधून देते, ती वाटसरूपासून वेगळी असते, आणि जड झाली तर खाली ठेवता येते. पक्ष्याची शिदोरी हा पक्ष्याचा देहच असतो. ती जितकी मोठी तितके उडणे अवघड, आणि ससाण्याच्या तावडीतून निसटणेही अवघड. म्हणूनच ज्याची वाट सुपीक प्रदेशातून जाते तो पक्षी थोडा मेद घेऊन निघतो, आणि ज्याची वाट ओसाडीतून जाते तोच पुरता भरून निघतो.

७. आफ्रिका : दृष्टिकोन बदलतो

युरोपच्या पक्ष्यांचा वसंतातील मेदसंचय पाहण्यासाठी अभ्यासकांना आफ्रिकेत जावे लागले. पीटर वॉर्ड यांनी नैर्ऋत्य नायजेरियात हिवाळा घालविणाऱ्या पिवळ्या धोबी पक्ष्याच्या मेदसाठ्याविषयी १९६४ साली लिहिले. फ्राय, ॲश व फर्ग्युसन-लीझ यांनी चाड सरोवराकाठी वसंतात पकडलेल्या पक्ष्यांची वजने १९७० साली प्रसिद्ध केली. जो पक्षी इटलीच्या किनाऱ्यावर हडकुळा दिसे तोच येथे निघण्यापूर्वी गलेलठ्ठ होता. ॲरिस्टॉटलच्या विधानाला खरे उत्तर मिळाले ते असे सुमारे तेवीस शतकांनंतर, वाळवंटाच्या दुसऱ्या काठावर.

त्याबरोबर एक कोडेही पुढे आले. ते रेजिनाल्ड मोरो यांनी ठळकपणे मांडले. सहाराच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा पावसाळ्यानंतर उत्तरोत्तर वाळत जातो. वसंतात, म्हणजे तेथील सर्वांत रुक्ष दिवसांत, पक्षी मेद साठवितात तरी कशावर? उत्तराचा एक भाग वनस्पतींत सापडला. शुभ्रकंठी वटवट्यासारखे एरव्ही कीटक खाणारे पक्षी या दिवसांत पीलूच्या झाडाची रसाळ फळे खातात. भूमध्यसमुद्राकाठी शरदात जे अंजिराचे व द्राक्षाचे कार्य, तेच येथे वसंतात पीलूचे. मात्र या फळावरून युरोपच्या कोणत्याही भाषेने पक्ष्याला नाव दिले नाही.

आफ्रिकेने प्रकाशाच्या उपपत्तीलाही प्रश्न विचारला. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर जवळजवळ सारखाच असतो. तेथे हिवाळा काढणाऱ्या पिवळ्या धोबीला निघण्याची वेळ कशी कळते? काई करी-लिंडाल यांनी कांगोतील निरीक्षणांवरून दाखविले की एकाच थव्यात राहणाऱ्या या पक्ष्याच्या निरनिराळ्या उपजाती निरनिराळ्या वेळी तयार होतात. ज्यांना दक्षिण युरोपात घरटी करावयाची त्या आधी पुष्ट होऊन निघतात. ज्यांना दूर उत्तरेत जावयाचे, जेथे बर्फ उशिरा वितळते, त्या मागाहून. आकाश एक, दिवस एक, अन्न एक; तरी वेळापत्रके भिन्न. तेव्हा वेळापत्रक बाहेर नसून आत असले पाहिजे.

एबरहार्ड ग्विनर यांनी जर्मनीत वटवट्यांना रोज १२ तास प्रकाश व १२ तास अंधार अशा न बदलणाऱ्या परिस्थितीत दीर्घकाळ ठेवले. १९६७ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत असे दिसले की पीस गळणे, वजन वाढणे आणि रात्रीची अस्वस्थता यांचे चक्र तरीही चालूच राहते. हे चक्र नेमके बारा महिन्यांचे नसते, थोडे कमीअधिक असते. बाहेरच्या जगाची एखादी छुपी खूण त्याला चालवीत नाही याचा हाच पुरावा. दिवसाची लांबी या आंतरिक घड्याळाला निर्माण करीत नाही, ती त्याला जुळवून घेते. रोवन यांचे म्हणणे येथे खोटे पडले नाही. ते एका मोठ्या व्यवस्थेचा भाग ठरले.

ओडम यांच्या सिद्धांताचे भाग्य इतके चांगले नव्हते. फ्राय व सहकाऱ्यांनी १९७२ साली चाडकाठच्या पिवळ्या धोबी पक्ष्यांत उडण्याचे स्नायूही प्रवासापूर्वी वाढतात असे दाखविले. १९९० नंतर तेनिस पिअर्समा व इतरांच्या संशोधनाने हे स्पष्ट केले की स्थलांतरी पक्ष्यांची आतडी, यकृत, स्नायू ही इंद्रियेही गरजेप्रमाणे वाढतात व आकसतात. पक्षी आपल्या अंगावर केवळ ओझे लादीत नाही. काही काळापुरते तो आपले शरीरच नव्याने बांधतो.

८. आपल्या भूमीवरील अध्याय

हिवाळ्यातील मुक्कामाचा प्रदेश म्हणून भारताचे स्थान आफ्रिकेसारखेच आहे, आणि या इतिहासातील एक अध्याय आपल्या देशात घडला आहे. १९५७ साली कर्नाटकात क्यासनूर जंगलाचा ज्वर उद्भवल्यावर पक्ष्यांबरोबर रोगजंतू येतात काय हा प्रश्न निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली १९५९ पासून पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा उपक्रम चालविला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात जे. सी. जॉर्ज व त्यांच्या शिष्यांनी भोरडीच्या उरःस्नायूंत प्रवासापूर्वी मेद कसा साठतो व वापरला जातो याचा सूक्ष्म अभ्यास केला. बनारसमध्ये पी. डी. तिवारी व विनोद कुमार यांनी १९८० नंतरच्या काळात काळ्या डोक्याच्या भारिटावर प्रकाशाचे प्रयोग केले. दिवस सुमारे बारा तासांच्या पुढे गेला की या पक्ष्यात मेदसंचय सुरू होतो, आणि साधारण २५ ग्रॅमचा पक्षी ३५ ग्रॅमच्या पुढे जातो, असे त्यांतून दिसले. रोवन यांनी जंकोत जे शोधले त्याचे अधिक नेमके रूप येथे हाती आले.

हा भारीट व ही भोरडी महाराष्ट्राला परकी नाहीत. पश्चिम व मध्य भारताच्या ज्वारीच्या शेतांवर उतरणारे हे थवे मार्च-एप्रिलमध्ये वायव्येकडे निघतात. भारीट इराण, तुर्कस्तान आणि बाल्कन प्रदेशापर्यंत जातो, भोरडी मध्य आशियाकडे. फाल्गुनात पळस व सावर फुलली की भोरड्या त्यांच्या मधावर तुटून पडतात. पुढे तुती पिकते. माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणाऱ्या राखणदाराला हे थवे पिकाची नासाडी करणारे म्हणूनच ठाऊक होते, आणि त्याची तक्रार खोटीही नव्हती. पण दोन-तीन सहस्र किलोमीटरांच्या प्रवासाचे इंधन त्याच्या डोळ्यांदेखत भरले जात होते, हेही तितकेच खरे.

९. निष्कर्ष

या विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, भुकेची उपपत्ती मोडण्यास लागणारा पुरावा पारध्यांच्या व स्वयंपाक्यांच्या हाती प्राचीन काळापासून होता आणि तो पक्ष्यांच्या नावांत नोंदलेलाही होता. विद्वानांनी त्याला पुरावा मानले नाही एवढेच. दुसरी, वसंतातील मेद अज्ञात राहिला तो दुर्मीळ म्हणून नव्हे, तर विद्येची केंद्रे प्रवासाच्या शेवटच्या टोकाला होती म्हणून. ज्ञानाच्या इतिहासात ‘काय पाहिले’ याइतकाच ‘कोठून पाहिले’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. तिसरी गोष्ट व्यवहाराची आहे. वसंतप्रयाणाचे यश जेथे ठरते ती जागा घरट्याची नसून हिवाळ्याच्या मुक्कामाची आहे. चाडकाठचे पीलू तोडले गेले किंवा दख्खनमधील ज्वारीचे माळ व पळसाची राने आटली, तर त्याचा परिणाम सहस्रावधी किलोमीटर दूर, बाल्कनमधील एखाद्या कुंपणावर न ऐकू येणाऱ्या गाण्याच्या रूपाने दिसेल. आणि तेथील निरीक्षक त्याचे कारण स्वतःच्या अंगणात शोधीत राहील. ॲरिस्टॉटलकडून झालेली जागेची चूक आपल्याकडून पुन्हा होऊ नये, तर या पक्ष्यांची वजने त्यांच्या प्रयाणाच्या ठिकाणी, म्हणजे आपल्या शेतांत व रानांत, सातत्याने घेतली गेली पाहिजेत. हे काम येथे राहणाऱ्या अभ्यासकांनाच करता येण्यासारखे आहे.